वजन केव्हा करावे? मुष्टियुद्धातील एका सुधारणेचा इतिहास

१/१३
व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या आदल्या दिवशी दोन्ही योद्धे काट्यावर उभे राहतात, आकडे जाहीर होतात आणि उद्याचा सामना समान वजनाच्या दोघांत होणार, अशी प्रेक्षकांची खात्री पटते. परंतु रिंगणात उतरताना त्यांचे वजन बहुधा तेच उरलेले नसते. हा ‘आदला दिवस’ आला कुठून आणि त्याची किंमत कोणी चुकवली, याचा हा मागोवा. #थ्रेड

२/१३
आरंभीच्या मुष्टियुद्धात वजनाची मर्यादाच नव्हती. पुढे गट पडले, तरी त्यांच्या सीमा अस्थिर होत्या. १९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट निश्चित केले. त्यांपैकी लाइटवेटची मर्यादा १३५ पौंड, म्हणजे सुमारे ६१ किलो. वजन किती असावे, हे ठरले; ते मोजायचे केव्हा, हे मात्र त्या काळी दोन्ही बाजूंच्या करारावर अवलंबून असे. करारात ज्याचा हात वर, त्याची वेळ.

३/१३
याचे ठळक उदाहरण ३ सप्टेंबर १९०६ चे. स्थळ : नेवाडातील गोल्डफील्ड हे खाणकामगारांचे गाव. लाइटवेट विजेता जो गॅन्स हा कृष्णवर्णीय अमेरिकन; आव्हानवीर बॅटलिंग नेल्सन गौरवर्णीय. नेल्सनचा व्यवस्थापक बिली नोलन याने अट घातली : मर्यादा १३३ पौंड, वजन सामन्याच्याच दिवशी, तेही एकदा नव्हे तर तीनदा, आणि लढण्याच्या पोशाखासह. गॅन्सला पैशाची निकड होती. त्याने अट मान्य केली.

४/१३
वाळवंटातील त्या उन्हात लढत ४२ फेऱ्या चालली. अखेर कमरेखाली ठोसा मारल्याबद्दल नेल्सन बाद झाला आणि गॅन्स जिंकला. तरीही बक्षिसाच्या रकमेतील मोठा वाटा करारानुसार पराभूत नेल्सनलाच मिळाला. चार वर्षांनी, वयाच्या ३५ व्या वर्षी, गॅन्स क्षयाने वारला. वजनाची वेळ हे दुर्बळ बाजूला वाकवण्याचे साधन होऊ शकते, हे गोल्डफील्डने दाखवून दिले.

५/१३
पुढे सामन्याच्या दिवशी सकाळी वजन करण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यामागचा विचार सरळ होता : सकाळचे वजन आणि रात्रीची लढत यांत थोडेच तास असतील, तर कोणी अतोनात वजन उतरवणार नाही. पण योद्धे उतरवतच राहिले. बाष्पस्नान, अंगावर रबरी पोशाख, पाणी बंद, तोंडातली लाळसुद्धा थुंकून टाकणे. अशाने चरबी घटत नाही, शरीरातले पाणी घटते. आणि ते काही तासांत पुरेसे भरून निघत नाही.

६/१३
१३ नोव्हेंबर १९८२, लास वेगास. अमेरिकेचा रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम दुक-कू यांच्यात लाइटवेटच्या विजेतेपदाची लढत झाली. १३५ पौंडांत बसण्यासाठी किमला फार झगडावे लागले होते. चौदाव्या फेरीत तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता; शस्त्रक्रिया होऊनही चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. ही लढत दूरचित्रवाणीवर थेट दाखवली जात होती.

७/१३
या मृत्यूने मुष्टियुद्धाच्या संघटना हादरल्या. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने विजेतेपदाच्या फेऱ्या १५ वरून १२ वर आणल्या; इतर संघटनांनी त्याच दशकात अनुकरण केले. त्याच काळात वजनाची वेळही सामन्याच्या आदल्या दिवसावर सरकू लागली. हेतू निःसंशय चांगला होता : योद्ध्याला पाणी पिण्यास, जेवण्यास, झोपण्यास अवधी मिळावा आणि कोरड्या शरीराने कोणी मार खाऊ नये.

८/१३
परंतु नियम बदलला की त्याभोवतीचे गणितही बदलते. वजनानंतर २४ ते ३० तास मिळणार असतील, तर आणखी पाणी काढून आणखी खालच्या गटात शिरता येते आणि रिंगणात मात्र वरच्या गटाचे शरीर घेऊन उतरता येते. जो हे करणार नाही, तो आपल्याहून थोराड माणसासमोर उभा राहणार. म्हणून सगळेच करू लागले. आजाऱ्यासाठी ठेवलेली सवलत निरोग्यांची रणनीती झाली.

९/१३
२६ फेब्रुवारी २००० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आर्तुरो गट्टी आणि जोई गमाश यांची लढत झाली. करारातील मर्यादा १४१ पौंड. आदल्या दिवशी दोघेही तीत बसल्याचे जाहीर झाले. सामन्याच्या रात्री एचबीओ वाहिनीच्या अनधिकृत काट्यावर गमाश १४५ भरला, गट्टी १६०. म्हणजे तो मिडलवेटच्या कमाल मर्यादेवर पोहोचला होता. दुसऱ्याच फेरीत गमाश बेशुद्ध पडला. मेंदूला इजा झाली आणि दोनदा जगज्जेता ठरलेल्या या योद्ध्याची कारकीर्द तिथेच संपली.

१०/१३
गमाशने राज्याच्या क्रीडा आयोगाविरुद्ध दावा लावला. गट्टीचे वजन मुळात नीट तोललेच गेले नाही, असे त्याचे म्हणणे होते. निकाल २०१० मध्ये लागला : वजन करण्यात आयोगाचा हलगर्जीपणा झाला, हे न्यायालयाने मान्य केले, पण त्याच हलगर्जीपणामुळे ही इजा झाली, हे सिद्ध झाले नाही. भरपाई मिळाली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा निकाल अस्वस्थ करतो : चूक नोंदली गेली, मात्र तिचा भार ज्याने सोसला त्याच्याकडेच राहिला.

११/१३
काट्याभोवती लबाडीही वाढली. ऑक्टोबर २००५ मध्ये दिएगो कोरालेसविरुद्धच्या दुसऱ्या लढतीआधी होसे लुईस कास्तियोच्या चमूतील डॉक्टर काट्याखाली पाय घालून वजन कमी दाखवताना पकडला गेला. कास्तियो १३५ ऐवजी १३८.५ पौंड भरला. लढत तरीही झाली आणि कास्तियो जिंकला. जून २००६ मध्ये तो पुन्हा जादा भरला, तेव्हा मात्र लढत रद्द करावी लागली.

१२/१३
मग पुन्हा सामन्याच्या दिवशीच वजन करावे का? आपल्याला विनेश फोगाट आठवते. कुस्तीत स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन होते. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये, रात्रभर वजन उतरवण्याची धडपड करूनही, ती ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम लढत हातची गेली. काटा जवळ आणला, तरी शरीर कोरडे करण्याची स्पर्धा थांबत नाही.

१३/१३
तोडगे आहेत. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनने विजेतेपदाच्या लढतीआधी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करण्याचा नियम आणला होता. त्यात मर्यादेपेक्षा १० पौंडांहून अधिक वाढ चालत नसे. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले. त्यानंतर तिथे वजनाची वेळ लढतीच्या अगदी जवळ आणली गेली, आणि त्याबरोबरच शरीरातील पाण्याची तपासणी करून प्रत्येकाचे किमान वजन हंगामाच्या आरंभी ठरवण्याची पद्धत आली. त्या व्यवस्थेचे सामर्थ्य यात आहे की कोणत्या गटात उतरायचे, याचा निर्णय योद्ध्याच्या हतबलतेवर सोडलेला नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात चार प्रमुख संघटना, प्रत्येक प्रांताचे वेगळे आयोग आणि सर्वांवर हुकूम चालेल असे कोणीच नाही. त्यामुळे १९०६ प्रमाणे आजही काट्याची वेळ आणि अटी पुष्कळदा करारच ठरवतो, आणि कराराच्या मेजावर गॅन्सच्या जागी कोणी ना कोणी बसलेला असतोच.