श्वानदंश, हुकूम आणि लस

कल्याणच्या दुर्गाडीसमोर, खाडीपलीकडे, भिवंडीच्या रस्त्यावर वसलेल्या कोन गावाहून मुंबईतील परळ, जेथे पुढे श्वानदंशावरील लस तयार होऊ लागली, काही फार दूर नाही. तथापि पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश झालेला माणूस आणि त्यावरील इलाज यांमधील अंतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनुल्लंघनीय होते, आणि इलाज नव्हता म्हणूनच मुंबई सरकारने रोग्याऐवजी कुत्र्याचाच बंदोबस्त करण्याचा सोपा मार्ग पत्करला. १८३२ साली बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव व बेवारशी असा विवेक न करता कुत्री मारू लागले, तेव्हा अंत्यविधीतदेखील श्वानास स्थान देणाऱ्या पारशी समाजातील लोकांनी ६ जून रोजी दंगा केला, बाजार बंद पाडले, आणि अखेर सरकारास फौज बोलवावी लागली. बक्षिसाचा हुकूम लिहिणाऱ्या कारकुनास रयतेच्या धर्माची चौकशी करण्याचे कारण वाटले नसावे!

१८८५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने या रोगावरील (रेबीज) लस मनुष्यास टोचली, ती आधी कुत्र्यांवर पारखून. पुढे १९११ च्या सुमारास कसौली येथे डेव्हिड सेंपल याने मेंढीच्या मेंदूत वाढविलेला विषाणू कार्बॉलिक आम्लाने निष्प्रभ करून जी लस सिद्ध केली, तीच परळच्या हाफकिन संस्थेतही तयार होऊ लागली, आणि 'पोटात चौदा इंजेक्शने' ही दहशत पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत मुरली. ती दहशत सर्वस्वी निराधार नव्हती. मेंढीच्या मज्जातंतूंच्या आवरणातील प्रथिने मानवी प्रथिनांशी इतकी सदृश असतात की, लसीने जागृत झालेल्या रक्षकपेशी क्वचित स्वतःच्याच मेंदूवर उलटत आणि वाचविलेला रोगी पक्षाघाताने पंगू होई.

प्राण्यांच्या व माणसाच्या प्रथिनांतील हे सादृश्य मात्र सर्वत्र सारखे नसते, आणि त्याची मीमांसा अलीकडची आहे. 'सीडी४' नामक प्रथिन माणसात मुख्यत्वे साहाय्यक टी-पेशींवर आढळते; कुत्र्यात ते न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवरही असते; सबब केवळ त्या खुणेवरून कुत्र्याच्या टी-पेशींची गणती करू जाणारा फसेल. २००५ साली कुत्र्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर अशा तुलनेस भक्कम पाया लाभला. त्याच सुमारास भारतात सेंपलची लस बंद होऊन पेशीसंवर्धनातून तयार केलेल्या लशी तिच्या जागी आल्या. त्या दंडात घेतात, पोटात नव्हे. म्हणून कोनच्या वाचकांस विनंती एवढीच की, कुत्रा चावल्यास जुन्या भीतीपायी घरी न बसता जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी इस्पितळ गाठावे.