अतिसार, अग्निपिंड शस्त्रक्रियोत्तर
अग्निपिंड (स्वादुपिंड) व त्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्या यांवरील शस्त्रक्रियेनंतर चार आठवड्यांहून अधिक काळ टिकणारे जुलाब. त्यांची मुख्य कारणे दोन आहेत : अग्निपिंडाचा भाग काढल्याने पाचक एंझाइमे अपुरी पडून न पचलेली वसा मलावाटे जाते, तसेच ऊर्ध्व आंत्ररोहिणीभोवतीच्या ज्या तंत्रिका आतड्याच्या हालचालींना आवर घालतात, त्या कापल्या गेल्यास अन्न वेगाने पुढे सरकते व पाणी पुरेसे शोषले जात नाही.

इतिहास : इटलीतील आलेस्सांद्रो कोदिव्हिल्ला यांनी १८९८ मध्ये अग्निपिंडाचे शीर्ष व लहान आतड्याचा आरंभीचा भाग काढला; परंतु रुग्ण काही दिवसांतच दगावला. बर्लिनचे व्हाल्टर काउश यांना १९०९ मध्ये अशा शस्त्रक्रियेत यश आले. न्यूयॉर्कचे ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीमुळे ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. कर्करोग तंत्रिकांच्या कडेने पसरतो म्हणून रोहिणीभोवतीचे ऊतक समूळ काढावे, हा विचार पुढे बळावला. जोसेफ फोर्टनर यांनी १९७३ मध्ये रक्तवाहिन्यांसह विस्तृत उच्छेदन मांडले व जपानी शल्यचिकित्सकांनी तंत्रिका काढण्यावर भर दिला. काही रुग्णांना मात्र दुःसाध्य अतिसार जडला. ते खंगले व त्यांना पुढील औषधोपचार झेपेनात. इटली (१९९८), अमेरिका (२००५), जपान (२०१२) व दक्षिण कोरिया (२०१४) येथील तौलनिक चाचण्यांत विस्तृत शस्त्रक्रियेने आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. त्यामुळे रोहिणीभोवतीच्या तंत्रिकांचे निदान अर्धे वलय राखण्याकडे कल वळला.

खानदेशातील संदर्भ : मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये निघाले. मोठी शस्त्रक्रिया दूरच्या शहरात झाली, तरी जळगाव व धुळे जिल्ह्यांतील रुग्णाची पुढील देखभाल बहुधा गावच्या डॉक्टरांकडेच येते. तेथे हे जुलाब नेहमीची हगवण समजले गेल्यास मूळ कारण दुर्लक्षित राहते. तेलकट, दुर्गंधीयुक्त मल व घटते वजन ही एंझाइमांच्या उणिवेची लक्षणे होत. अशा वेळी तर्रीदार शेवभाजी वर्ज्य करून भागत नाही. वसा पूर्ण बंद केल्यास रुग्ण अधिकच क्षीण होतो. एंझाइमे उपाशीपोटी न घेता जेवणाबरोबर घ्यावी लागतात. ती सामान्यतः डुकराच्या अग्निपिंडापासून मिळवितात, हे रुग्णास आधी सांगणे उचित ठरते. तंत्रिकाजन्य अतिसारात आतड्याची गती मंदावणारी औषधे वैद्यकीय सल्ल्याने देतात. शस्त्रक्रियेचा तपशीलवार कागद रुग्णाजवळ असल्यास हा कारणभेद लवकर उमगतो.