तारण म्हणजे काय? मस्कतचे पाद्री आणि कोकणातले आपले पूर्वज



अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत, वसतिगृहात किंवा शेजारात कधी ना कधी एक प्रश्न विचारला जातो: "तुझे तारण झाले आहे का?" विचारणारा बहुधा मनापासून आणि काळजीपोटीच विचारतो. मूल घरी येऊन विचारते, "आपल्यात तारण असते का?" आणि आईबाप गोंधळतात.

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत आणि कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत आपल्या पूर्वजांना तो विचारला गेला. त्याच शतकाच्या अखेरीस समुद्राच्या पलीकडच्या काठावर, ओमानातल्या मस्कतला, तोच प्रश्न अरबांपुढे ठेवला गेला. दोन्ही किनाऱ्यांवर काय घडले ते एकत्र पाहिले, तर मुलांना काय सांगावे हे ठरवणे सोपे जाते.

आधी ती शिकवण नीट समजून घेऊ. ख्रिस्ती धर्म म्हणतो की आदामाच्या आज्ञाभंगापासून सारी मनुष्यजात पापाच्या ताब्यात आहे. माणूस स्वतःच्या बळावर त्यातून सुटू शकत नाही. मोशेचे नियमशास्त्र पाप कोणते ते दाखवते, पण पापापासून सोडवत नाही. म्हणून देवाने आपला पुत्र पाठवला, त्याने क्रूसावर सर्वांच्या पापाचे प्रायश्चित्त केले, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला देव आपल्या कृपेने नीतिमान ठरवतो. ही मांडणी मुख्यतः तार्ससच्या पौलाची. तो जन्माने यहुदी होता, हे आपण लक्षात ठेवावे.

पुढे याच मुद्द्यावर ख्रिस्ती लोकांत फूट पडली. १५१७ मध्ये मार्टिन लूथरने वाद सुरू केला आणि तारण केवळ विश्वासाने होते असे शिकवले. त्यावर रोमच्या चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये उत्तर दिले: सुरुवात देवाच्या कृपेने होते हे खरे, पण माणसाने त्या कृपेला साथ द्यायला हवी, बाप्तिस्मा, इतर संस्कार आणि सत्कृत्ये यांनाही तारणात स्थान आहे. ही दोन्ही उत्तरे आपल्या समुद्रावर आली, एक पोर्तुगीज गलबतांतून आणि दुसरे इंग्रजी जहाजांतून.

पोर्तुगीजांनी १५०७ मध्ये मस्कत घेतले आणि १६५० पर्यंत ते त्यांच्या हाती राहिले. बंदरावरचे मिरानी आणि जलाली हे किल्ले आजही त्यांची आठवण देतात. त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर चौल-रेवदंडा आणि कोर्लई त्यांच्याकडे होते. आपले पूर्वज जिथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले असे आपण मानतो, ते नवगाव तिथून फार लांब नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते, आणि पोर्तुगालमधून आलेले, बाप्तिस्मा घेतलेले पण घरात यहुदी रीत पाळणारे लोक त्याच्या कचाट्यात सापडले. तारणाची शिकवण सत्तेच्या हाती गेली की काय होते, ते त्यांनी भोगले.

मात्र गोव्यातच एक निराळे कामही झाले. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. त्याचा पहिला भाग म्हणजे आपल्याच पूर्वजांची कथा: आदाम, नोहा, आब्राहाम, मोशे, दावीद. दुसरा भाग येशूचा. तारणाची कल्पना मराठी माणसाला कळावी म्हणून कवीने वैकुंठासारखे इथलेच शब्द वापरले. तोराच्या कथा मराठीत इतक्या विस्ताराने तेव्हा प्रथम आल्या, पण त्या आल्या दुसऱ्या भागाची प्रस्तावना म्हणून.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मंडळी आली. मुंबईहून इराणी आखाताकडे जाणारी जहाजे मस्कतला थांबत. हेन्री मार्टिन हा इंग्रज पाद्री १८११ मध्ये असाच मस्कतवरून इराणला गेला. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशन मुंबईत सुरू झाले आणि १८२६ मध्ये त्यांनी मराठी नवा करार छापला. १८२९ मध्ये स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन आले. आपल्या समाजाबद्दल त्यांना विशेष आस्था होती. १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण काढले, ते मुख्यतः आपल्या मुलांसाठीच. मिशनच्या शाळांत आपली मुले-मुली शिकली, आणि जुना करार आपल्या लोकांनी मराठीत वाचला तो याच मंडळींमुळे.

त्या वेळी आपल्याजवळ काय होते? ग्रंथ जवळपास नव्हते. शमा होती, शब्बाथ होता, सुंता होती, खाण्याचे नियम होते. आणि दारफाळणीचा सण होता. घराची दारे लावून, उपास करून, कोणाला न भेटता दिवसभर देवापुढे राहण्याचा तो दिवस म्हणजे किप्पूर. त्याचे हिब्रू नाव विसरले होते तरी काम विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या सणाला दानधर्म व्हायचा. मुंबईतल्या आपल्या पहिल्या सभास्थानाचे नाव, १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेल्या, 'शआर हारहमीम', म्हणजे करुणेचे द्वार.

मिशनऱ्यांचा सर्वांत अवघड प्रश्न असा होता: यरुशलेमचे मंदिर पडले, यज्ञ बंद झाले, मग तुमच्या पापांचे प्रायश्चित्त कशाने होते? त्याचे उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वी दिलेले आहे. मंदिर पडल्यावर रब्बी योहानान बेन झक्काई यांचा शिष्य नेमका हाच शोक करू लागला, तेव्हा गुरूंनी त्याला सांगितले की दयेची कृत्ये हेही तितकेच प्रायश्चित्त आहे. किप्पूरच्या दुपारी आपण योनाचे पुस्तक वाचतो. निनवेचे लोक यहुदी नव्हते, त्यांनी यज्ञही केला नाही. ते वाईट मार्ग सोडून वळले आणि देवाने त्यांना वाचवले. या वळण्याला आपण तेशुवा म्हणतो. माणूस आणि देव यांच्यामध्ये तिथे तिसरा कोणी लागत नाही. शिवाय इतर राष्ट्रांतल्या सज्जनांनाही पुढच्या जगात वाटा आहे, असे आपले शास्त्री सांगतात. म्हणून दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याची घाई आपल्याला कधी नव्हती.

मिशन शाळांत एवढी मुले शिकली, तरी ख्रिस्ती झालेले मोजकेच निघाले. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी प्रार्थनाविधी शिकवला, जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि हैम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा निघाली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली.

आता मस्कतकडे वळू. तिथेही यहुदी होते. वेलस्टेड हा इंग्रज आरमारी अधिकारी १८३५ मध्ये तिथे गेला, तेव्हा त्याने लिहून ठेवले की बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून १८२८ मध्ये आलेली यहुदी मंडळी शहरात राहतात. त्याच जाचामुळे डेव्हिड ससून बगदाद सोडून पुढे मुंबईला आले.

फेब्रुवारी १८९१ मध्ये थॉमस व्हॅल्पी फ्रेंच मस्कतला उतरले. ते लाहोरचे पहिले बिशप होते. पद सोडून, वयाच्या पासष्टीनंतर, ते इथे आले. बाजारात बसून ते अरबांना शास्त्र वाचून दाखवत. तिथला उन्हाळा त्यांना सोसला नाही. १४ मे १८९१ रोजी ते वारले. १८९३ मध्ये अमेरिकन अरेबियन मिशनचे पीटर झ्वेमर आले. गुलामांच्या गलबतातून सोडवलेल्या अठरा मुलांसाठी त्यांनी शाळा काढली आणि १८९८ मध्ये तेही वारले.

ओमानात त्यांची गाठ इबादी मुसलमानांशी पडली. इबादी मतानुसार श्रद्धा म्हणजे नुसते मानणे नाही. उच्चार आणि आचार मिळून श्रद्धा होते. मोठे पाप करून पश्चात्ताप न करता मेलेल्याला नरकातून सुटका नाही, आणि कोणाची मध्यस्थी त्याच्या कामी येत नाही. केवळ विश्वासाने तारण होते असे शिकवणाऱ्यांना याहून कडक श्रोता मिळाला नसता. तिथेही ख्रिस्ती होणारे फार थोडे निघाले.

पण लोक दवाखान्यात आले. डॉ. शॅरन थॉम्स १९०९ पासून तिथे काम करत होते. १९१३ मध्ये टेलिफोनच्या खांबावरून पडून ते गेले. त्यांचे चिरंजीव डॉ. वेल्स थॉम्स १९३९ मध्ये परतले आणि १९७० पर्यंत मस्कत-मत्रहमध्ये रुग्ण पाहत राहिले. देशात आधुनिक रुग्णालये जवळपास नव्हतीच, तेव्हाची ही गोष्ट. केवळ विश्वासाने तारण शिकवणाऱ्यांची आठवण ओमानात राहिली ती त्यांच्या कृत्यांमुळे. रब्बी योहानान यांना हे पटले असते, असे आम्हाला वाटते.

ओमानच्या दक्षिणेस, सलालाजवळच्या डोंगरावर, नबी अयूब यांची कबर दाखवतात. अयूब म्हणजे आपला इयोब. आपला 'गोएल' जिवंत आहे असे इयोब म्हणतो. ख्रिस्ती वाचक त्यात येशूची भविष्यवाणी पाहतात. आपल्याकडे गोएल म्हणजे अडचणीत सोडवणारा जवळचा नातलग; रूथच्या गोष्टीत बवाज तसा गोएल आहे. इयोब कोणाच्या मध्यस्थीशिवाय थेट देवाशी भांडतो आणि शेवटी देव त्यालाच उत्तर देतो.

म्हणून मुलाने विचारले तर सांगावे: आपल्यातही सुटका आहे. चुकलो तर वळायचे, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करून क्षमा मागायची, दान द्यायचे, आणि दर वर्षी किप्पूरला देवापुढे उभे राहायचे. विचारणाऱ्याशी वाद घालू नये. त्याच्या पणजोबांच्या पिढीने आपल्याला हिब्रू व्याकरण दिले आहे, त्याबद्दल आभार मानावेत.

आपल्यापैकी कोणाच्या घरात मिशन शाळेची जुनी पुस्तके, दाखले किंवा आजीकडून ऐकलेल्या दारफाळणीच्या आठवणी असतील, तर त्या आम्हाला जरूर कळवा. ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या, ते आता थोडेच उरले आहेत.