पालकाच्या गावातली चिअरलीडर

पॉपाय आठवतोय ना? डब्यातला पालक घशाखाली घालून दंड फुगवणारा आणि ब्लूटोला बदडणारा? या पॉपायचा चक्क पुतळा असलेलं एक गाव अमेरिकेत टेक्सासमध्ये आहे. नाव क्रिस्टल सिटी. सॅन अँटोनिओच्या नैर्ऋत्येला, मेक्सिकोच्या सीमेजवळ. पालकाच्या शेतीवर वाढलेल्या या गावाने १९३७ मध्ये पॉपायचा पुतळा उभा केला. पण आजचा विषय पॉपाय नाही. याच गावात १९६९ मध्ये शाळेच्या चिअरलीडर कोण होणार यावरून भांडण पेटलं आणि वर्षभरात गावाची सत्ता पालटली, त्याची ही गोष्ट.

आपल्याकडे चिअरलीडर हा शब्द घरोघरी पोचला तो २००८ च्या आयपीएलमुळे. चौकार गेला की नाचणाऱ्या मुली, एवढीच आपली ओळख. मुळात हा उद्योग पुरुषांचा. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या सामन्यात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभं राहून त्यांच्याकडून घोषणा म्हणून घेतल्या, तिथून सुरुवात मानतात. मुली यात आल्या त्या बऱ्याच नंतर.

टेक्सासच्या छोट्या गावात फुटबॉलचा हंगाम (चेंडू हातात घेऊन पळतात तो फुटबॉल!) म्हणजे गावची जत्रा. शरद ऋतूत शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव शाळेच्या मैदानावर. बँड, दिव्यांचा लखलखाट आणि हंगामात एकदा ‘होमकमिंग’, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. त्यात एका मुलीला ‘राणी’ म्हणून मिरवायचं. अशा गावात चिअरलीडर म्हणजे शाळेचा चेहरा. आपल्या गणेशोत्सवात आरतीचा मान कुणाला, यावरून मंडळं फुटतात की नाही? तसंच काहीसं.

आता गावाची रचना बघा. दर दहा माणसांत आठाहून जास्त मेक्सिकन वंशाची. पण जमीन, बँक, दुकानं आणि शाळेची सूत्रं मूठभर गोऱ्यांच्या हातात. स्पॅनिश बोललं की शाळेत शिक्षा. मैदानावर मेक्सिकन मुलं धावायची, टाळ्याही घ्यायची. तिथे अडवणार कसं? धावफलक आडनाव विचारत नाही. चिअरलीडरचं मात्र तसं नव्हतं. त्यांची निवड शिक्षक करायचे आणि एक न लिहिलेला नियम होता: चारपैकी तीन गोऱ्या, एक मेक्सिकन. बहुसंख्य मुलं मेक्सिकन असलेल्या शाळेत!

१९६९ च्या वसंतात जागा रिकाम्या झाल्या, तेव्हा डायना पलासिओस या मुलीने प्रयत्न केला. निवड झाली नाही, कारण ‘मेक्सिकन’ जागा आधीच भरलेली होती. मुलांनी निषेध केला. अधिकाऱ्यांनी थोडं नमतं घेतलं, पण गोऱ्या पालकांनी तक्रार करताच शाळेच्या बोर्डाने ती तडजोड रद्द केली.

मग आला पुढचा हंगाम आणि होमकमिंग. माजी विद्यार्थी संघटनेची राणीसाठी अट होती: आई किंवा वडील याच हायस्कूलचे पदवीधर हवेत. वाचायला किती निरुपद्रवी! वंशाचा उल्लेखसुद्धा नाही. पण क्रिस्टल सिटीतली कितीतरी मेक्सिकन कुटुंबं पोटासाठी दरवर्षी उत्तरेला जायची, बीट आणि इतर पिकांच्या शेतांवर राबायला. वसंतात निघायचं, शरदात परतायचं. त्या पिढीत हायस्कूल पुरं करणार कोण? म्हणजे बहुतेक मेक्सिकन मुली नियमानेच बाद. पालकाच्या गावात मुलींना पालकच आडवे आले म्हणायचं!

आमच्या धंद्यात याला प्रॉक्सी म्हणतात. ज्या गोष्टीची अट उघडपणे घालता येत नाही, तिच्याशी घट्ट जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीची घालायची. कोड स्वच्छ दिसतो, आउटपुट तेच येतं.

मुलांची पुढारी होती सेवेरिता लारा, हुशार विद्यार्थिनी. आणि त्यांना सल्ला देत होता याच गावचा, याच शाळेत शिकलेला होसे अँजेल गुतिएरेस. त्याला आधीचा धडा माहीत होता. १९६३ मध्ये नगर परिषदेच्या पाचही जागा मेक्सिकन उमेदवारांनी जिंकल्या होत्या. मोठा गाजावाजा झाला, पण दोनच वर्षांत सत्ता गेली. या वेळी पाया पक्का हवा होता.

मागण्यांची यादी आता चिअरलीडरच्या बरीच पुढे गेली होती. दोन्ही भाषांतून शिक्षण, आपला इतिहास अभ्यासक्रमात, मेक्सिकन वंशाचे शिक्षक. डिसेंबरच्या सभेत बोर्डाने मुलांचं ऐकूनच घेतलं नाही आणि ९ डिसेंबर १९६९ ला मुलं वर्गातून उठून बाहेर पडली. सुरुवातीला शेकड्यांत, मग हजाराच्या वर, लहान वर्गांतलीसुद्धा. आई-बाप पाठीशी उभे राहिले. यात एक व्यावहारिक मेखही होती: टेक्सासमध्ये शाळेला सरकारी पैसा हजेरीवर मिळायचा. रिकामा बाक म्हणजे थेट तिजोरीला भोक!

लारासह तीन विद्यार्थी वॉशिंग्टनला जाऊन सिनेटर यारबरो आणि एडवर्ड केनेडी यांना भेटले. नाताळच्या सुट्टीत बाहेरगावच्या शिक्षकांनी येऊन मुलांना शिकवलं, म्हणजे अभ्यास बुडाला असं कुणी म्हणायला नको. केंद्राच्या न्याय खात्याचे मध्यस्थ आले आणि जानेवारीच्या सुरुवातीला बोर्डाने बहुतेक मागण्या मान्य केल्या.

त्याच महिन्यात ‘ला रासा उनिदा’ हा पक्ष जन्मला. एप्रिल १९७० मध्ये गुतिएरेस शाळेच्या बोर्डावर निवडून आला आणि अध्यक्ष झाला. म्हणजे ज्या बोर्डाने मुलांना दार लावलं, त्याचंच! १९७२ मध्ये पक्षाने थेट गव्हर्नरपदासाठी उमेदवार दिला, रॅमसी मुन्यिस. हा गडी बेलर विद्यापीठाचा फुटबॉलपटू होता! मतं मिळाली सहा टक्क्यांच्या आसपास.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. अनेक गोऱ्या कुटुंबांनी मुलं शाळेतून काढली, पक्षात फूट पडली आणि १९७८ नंतर तो जवळजवळ संपलाच. पण त्यातून घडलेली माणसं उरली. सेवेरिता लारा १९९० च्या दशकात याच गावाची महापौर झाली.

‘एवढ्याशा गोष्टीवरून एवढा गोंधळ?’ हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. मला वाटतं, गोष्ट ‘एवढीशी’ होती म्हणूनच सगळ्यांना कळली. शाळेचं बजेट कोण ठरवतं हे सोळा वर्षांच्या पोरीला दिसत नाही. शुक्रवारी दिव्यांच्या उजेडात कोण उभं आहे, ते दिसतं. घाम गाळायला आपली मुलं चालतात, चेहरा म्हणून मात्र चालत नाहीत, हे समजायला आकडेवारी लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही निवडीत एखादी साधी, निरुपद्रवी अट दिसली, की ती वाचून सोडू नका. तिच्यामुळे गाळलं कोण जातंय, तेही एकदा मोजून बघा.