परिचारिकेचें ज्ञान आणि त्याची पारख

विंचवाच्या दंशावर कोंकणांत उपायांची उणीव कधींच नव्हती. मंत्र होता, झाडपाला होता, आणि दवाखाने आल्यावर पुस्तकांतील इंजेक्शनेंहि होतीं. पेण, रोहें, महाड या भागांत उणीव होती ती यांपैकीं कोणत्या उपायानें रोगी खरोखर वांचतो हें पडताळून पाहण्याची.

१९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यांत आले. कुलाबा जिल्ह्याचें रायगड हें नामकरण व्हावयास अजून पांच वर्षें होतीं. लाल विंचवाच्या रोग्यापाशीं रात्ररात्र बसून त्यांनीं नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेविल्या. हृदय थकून व फुप्फुसांत पाणी सांचून रोगी दगावतो, हें त्या नोंदींनीं दाखविलें. तेव्हां रक्तदाबावरील प्रॅझोसिन हें औषध त्यांनीं योजिलें. ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रांत १९८६ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. शेंकडा तीसचाळीस मृत्यूंचें प्रमाण एकाच्या आसपास उतरलें. पुढें २०११ सालीं त्यांनींच दाखविलें कीं, प्रॅझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी अधिक लवकर सांवरतो. एकाच माणसाच्या हयातींत बरोबर उत्तर दोनदां बदललें!

आतां ज्या परिचारिकेचें शिक्षण १९७५ सालच्या पुस्तकावर झालें, तिनें काय करावें? पुस्तक पाठ असणें हा तिचा गुण कीं दोष?

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. त्यांचे आंकड्यांचे तक्ते तितके परिचयाचे नाहींत. हिंदुस्थानांत त्या कधींच आल्या नाहींत. तरी १८५९ सालीं नेमलेल्या लष्करी आरोग्य-कमिशनकरितां येथील छावण्यांकडे प्रश्नपत्रकें गेलीं, आणि आलेल्या उत्तरांची छाननी बाईंनीं केली. गोऱ्या शिपायांत दर हजारीं वर्षास ६९ मृत्यू, हा आंकडा १८६३ च्या अहवालानें उजेडांत आणला. परिचर्येचा पाया असा मुळांतच नोंदीवर व पडताळ्यावर घातलेला आहे.

आपल्याकडील अडचण निराळी. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन उभारलें, व पुढें ससून रुग्णालयांत तेथील स्त्रियांना परिचर्येचें शिक्षण देवविलें. तेव्हां घरंदाज विधवेनें परक्या पुरुषाची शुश्रूषा करणें हेंच समाजास खपत नव्हतें. तो विरोध रमाबाईंनीं चिकाटीनें मोडला. परंतु शास्त्रीय ग्रंथ इंग्रजींत आणि शिकणारी मराठी, ही गांठ तशीच राहिली.

१९३५ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत परिचारिकांची नोंदणी ठरली. १९४६ सालीं भोर समितीनें दाखविलें कीं, ४३,००० माणसांमागें एकच परिचारिका आहे. अशा टंचाईंत हुकूम बिनचूक पाळणारे हात आधीं हवेसे वाटले यांत नवल नाहीं. प्रश्न विचारणारें डोकें मात्र मागें पडलें. १९४७ च्या कायद्यानें भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली, अभ्यासक्रमास देशभर एकसूत्रता आली. माहिती हुडकावी कशी व पारखावी कशी, याचे परिचारिकांसाठीं स्वतंत्र दंडक अमेरिकेंतील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघानें २०१३ सालीं मंजूर केले. आपल्या परिषदेनें २०२१ च्या पदवी-अभ्यासक्रमांत माहितीशास्त्राचा विषय घातला. ठीक झालें. पण संगणक चालवितां येणें म्हणजे माहिती पारखतां येणें नव्हे. पडद्यावर जुनें पुस्तकहि नव्यासारखेंच दिसतें.

डोंगरी भागांत तीन हजार वस्तीमागें एक उपकेंद्र, असें सरकारी माप आहे. पेणच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांकडे रात्रीं विंचू डसलेलें मूल प्रथम आरोग्यसेविकेपुढेंच येतें. रोह्यानजीक धाटावच्या रासायनिक कारखान्यांतील मजूर डोळे चोळीत आला, तर पाण्यानें डोळे धुणें कोणीहि सांगेल. पुढचें सर्व पिंपावरच्या इंग्रजी नांवावर अवलंबून. हातांतील पुस्तकास तिनें विचारावयाचें तें इतकेंच: हें कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, कोणते रोगी पाहून लिहिलें, आणि त्यानंतर याहून नवें कांहीं निघालें आहे काय?