ओजस देवतळे : पंधरापैकी पंधरा

बर्लिन येथे ५ ऑगस्ट २०२३ रोजी झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या अंतिम लढतीत नागपूरच्या ओजस प्रवीण देवतळेने पोलंडच्या लुकाश प्रिझिबिल्स्कीला १५०-१४९ असे नमविले. कंपाउंड प्रकारात पन्नास मीटरवरून पंधरा बाण सोडायचे असतात आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा गुण मिळतात. दहाचे वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचे. ओजसचे पंधराही बाण त्यात गेले. एक जरी नवात पडला असता, तर बरोबरी होऊन निकाल निर्णायक बाणावर गेला असता.

२००२ साली जन्मलेला ओजस हा वैयक्तिक जागतिक सुवर्णपदक मिळविणारा पहिला भारतीय पुरुष तिरंदाज ठरला. त्याच दिवशी, त्याच्या काही वेळ आधी, साताऱ्याच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामीने महिलांचे विजेतेपद पटकावले होते. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे घडले. तिरंदाजीसाठी नागपूर सोडून सातारा गाठण्याचा ओजसचा निर्णय असा सार्थकी लागला.

दोनच महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके मिळविली. ज्योती सुरेखा वेन्नमच्या साथीने मिश्र सांघिक गटात कोरियावर १५९-१५८ अशी मात केली. सांघिक सुवर्णात अभिषेक वर्मा व प्रथमेश जावकर त्याचे सहकारी होते. पुढे वैयक्तिक अंतिम लढतीत त्याच अभिषेकला त्याने १४९-१४७ असे हरविले. त्या वर्षीचा अर्जुन पुरस्कार ओजस आणि अदिती या दोघांनाही मिळाला.

एवढे असूनही ऑलिंपिकचे दार त्याला बंदच होते. कप्पी लावलेले कंपाउंड धनुष्य तेथे चालत नाही. १९७२ पासून मान आहे तो केवळ रिकर्व्ह प्रकाराला. एप्रिल २०२५ मध्ये मात्र २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी कंपाउंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेला मान्यता मिळाली. वैयक्तिक स्पर्धा अजूनही नाही. मिश्र जोडीत पुरुष एकच, आणि भारतात दावेदार अनेक! सप्टेंबर २०२५ मध्ये ग्वांगजू येथे भारताने पुरुषांचे सांघिक जागतिक सुवर्ण जिंकले, तेव्हा संघात ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे होते, ओजस नव्हता.