साम्बो : आधी पडणे, मग पाडणे

'साम्बो' हे नाव 'सामोझाश्चिता बेझ ओरुझिया' या रशियन शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. त्याचा अर्थ शस्त्रावाचून स्वसंरक्षण. नावातच स्वसंरक्षण असल्याने पहिल्याच दिवशी हल्लेखोराला लोळवण्याची युक्ती हाती लागेल, अशी नवशिक्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे त्याला शिकवले जाते ते पडायला. स्वतः सुखरूप पडता आल्यावाचून दुसऱ्याला पाडण्याचा सराव करता येत नाही आणि सरावावाचून कोणतीही युक्ती ऐनवेळी उपयोगी पडत नाही. या विद्येची सारी शिस्त या साध्या तत्त्वावर उभी आहे.

दोन प्रवाह, एक विद्या

साम्बोचा उगम सोव्हिएत राजवटीच्या पहिल्या दोन दशकांत झाला. व्हिक्टर स्पिरिदोनोव्ह हे झारच्या सैन्यातील माजी अधिकारी. 'दिनामो' या क्रीडासंस्थेत त्यांनी पोलीस व सुरक्षादलांसाठी निःशस्त्र झुंजीची पद्धत विकसित केली. सांधे पिळून प्रतिस्पर्ध्याला जेरीस आणणारे डाव आणि पकडीतून सुटका यांवर त्यांचा भर होता. अंगी फारसे बळ नसलेल्या माणसालाही वापरता येईल, असे तिचे स्वरूप होते.

दुसरा प्रवाह वासिली ओश्चेप्कोव्ह यांचा. सखालिन बेटावर जन्मलेले ओश्चेप्कोव्ह टोकियोतील ऑर्थोडॉक्स सेमिनरीत शिकत असताना १९११ साली ज्युदोच्या कोदोकान या मूळ पीठात दाखल झाले आणि १९१३ मध्ये त्यांनी काळा पट्टा मिळवला. पुढे व्लादिवोस्तोक, नोव्होसिबिर्स्क आणि अखेरीस मॉस्को येथे त्यांनी ही विद्या शिकवली. डाव नुसते घोटून भागत नाही, प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी मोकळी झुंज खेळल्यावाचून ते अंगी मुरत नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. ज्युदोच्या पायावर त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी जॉर्जियाची चिदाओबा, उझबेकांची कुराश, तसेच तातार, आर्मेनियन आणि कझाख कुस्त्यांतील डाव आणून बसवले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये जपानचे हेर असल्याच्या आरोपावरून ओश्चेप्कोव्ह यांना अटक झाली आणि काही दिवसांतच मॉस्कोच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. १६ नोव्हेंबर १९३८ रोजी सोव्हिएत क्रीडा समितीने या कुस्तीला अधिकृत मान्यता दिली, तेव्हा तिच्या जनकाचे नाव उच्चारणेही धोक्याचे होते. त्यांचे शिष्य अनातोली खार्लाम्पियेव्ह यांनी तिचा प्रसार केला आणि पुढे कित्येक वर्षे तेच तिचे जनक मानले गेले. १९५७ साली ओश्चेप्कोव्ह निर्दोष ठरले, तरी विद्येच्या इतिहासात त्यांना स्थान मिळण्यास त्यानंतरही दीर्घ काळ जावा लागला.

आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघाने १९६६ मध्ये साम्बोला मान्यता दिली. पहिली जागतिक स्पर्धा १९७३ साली तेहरान येथे भरली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये या खेळाला पूर्ण मान्यता दिली असली, तरी ऑलिंपिकच्या मैदानावर तो अद्याप पोहोचलेला नाही.

प्रकार आणि पोशाख

साम्बोचे दोन प्रमुख प्रकार आहेत. क्रीडा साम्बोत फेक, जमिनीवर दाबून धरणे आणि हातापायांच्या सांध्यांवरील पेच यांना मुभा असते. गळा आवळण्यास मात्र बंदी असते. स्वतः उभे राहून प्रतिस्पर्ध्याला थेट पाठीवर आपटणारा खेळाडू तत्क्षणी विजयी ठरतो. मराठी कुस्तीशौकिनांना यात चितपटीची आठवण व्हावी. लढाऊ साम्बोत याशिवाय ठोसे, लाथा आणि गळा आवळणेही येते. त्यासाठी शिरस्त्राण, हातमोजे व नडगीरक्षक वापरावे लागतात. मिश्र युद्धकलेत नावाजलेले फ्योदोर येमेल्यानेन्को आणि खबीब नुरमागोमेदोव्ह हे दोघे लढाऊ साम्बोचे विश्वविजेते होते.

पोशाख सुटसुटीत असतो. लाल किंवा निळ्या रंगाचा जाड सुती अंगरखा, ज्याला 'कुर्त्का' म्हणतात, त्याच रंगाची आखूड विजार आणि मऊ तळव्याचे बूट. कुर्त्काच्या खांद्यांवर पकडीसाठी शिवलेल्या पट्ट्या असतात आणि कमरपट्टा कापडातील खाचांतून ओवलेला असतो, त्यामुळे ओढाताणीत तो निसटत नाही. रस्त्यावरचा माणूस कपडे आणि पादत्राणे घालूनच फिरतो. त्यामुळे कपड्याला धरून झुंजण्याची ही सवय स्वसंरक्षणाच्या दृष्टीने उपयुक्त ठरते.

पहिला धडा : सामोस्त्राखोव्का

पडण्याच्या तंत्राला रशियन भाषेत 'सामोस्त्राखोव्का' म्हणतात. 'स्त्राखोव्का' या शब्दाने विमाही सूचित होतो, म्हणजे हा स्वतःचा स्वतः उतरवलेला विमा. हनुवटी छातीला टेकवायची, जेणेकरून डोके जमिनीवर आपटत नाही. पाठ गोल ठेवायची. अंग जमिनीला टेकताच तळहातासह संपूर्ण हात गादीवर सपाट आपटायचा, त्यामुळे धक्का एका जागी न बसता पसरतो. पडताना हात मागे टेकवून सावरण्याची उपजत ओढ असते. मनगट, कोपर आणि गळ्याखालील हाड मोडण्याचे ते नेहमीचे कारण असल्याने ती सवय मोडावी लागते.

हा सराव पायरीपायरीने होतो. आरंभी बसल्या जागेवरून, मग उकिडव्या स्थितीतून, पुढे उभ्याने, त्यानंतर चवड्या-गुडघ्यांवर ओणव्या झालेल्या जोडीदारावरून आणि शेवटी आडव्या धरलेल्या काठीवरून. खांद्यावरून कोलांटी घेण्याचाही यात समावेश असतो. हे कंटाळवाणे वाटते, पण झुंज कधीही वाट्याला न आलेल्या माणसालाही निसरड्या जिन्यावर किंवा पावसाळी रस्त्यावर हा एकच धडा आयुष्यभर उपयोगी पडू शकतो.

पकड, तोल आणि पेच

पडण्याची भीती सरली की पकडीचा अभ्यास सुरू होतो. बाही, गळपट्टी, कमरपट्टा यांपैकी काय धरावे आणि धरल्यावर समोरच्याचा तोल कोणत्या दिशेला ढळवावा, हे आधी कळावे लागते. त्यानंतर पायात पाय घालून पाडण्याचे पुढचे व मागचे डाव, टाचेने अडकवणे आणि कमरेवरून फेकणे असे मूलभूत डाव येतात. कोल्हापूरच्या तालमीत टांग किंवा धोबीपछाड घोटलेल्या मल्लाला यांतले बरेच काही ओळखीचे वाटेल.

सांध्यांवरील पेच सर्वांत शेवटी शिकवावेत, हा अनुभवी प्रशिक्षकांचा दंडक आहे. कोपर उलट दिशेने ताणण्याचा किंवा घोट्यामागील शिरेवर दाब देण्याचा पेच सावकाश लावायचा आणि जोडीदाराने हाताने दोनदा थोपटताच, किंवा तोंडाने इशारा देताच, त्या क्षणी सोडायचा. गुडघ्यावरील पेचात वेदना जाणवेपर्यंत इजा होऊन गेलेली असू शकते. म्हणून थोपटायला लाजू नये, आणि थोपटल्यावर सोडायला विलंब करू नये.

स्वसंरक्षणाच्या भागात मनगट, केस, कपडे व गळा धरलेल्या स्थितीतून आणि मागून घातलेल्या मिठीतून सुटण्याचे मार्ग येतात. जमिनीवर पडल्यावर पायांनी अंतर राखत पुन्हा उभे राहणे हा त्यातील सर्वांत मोलाचा भाग होय.

सिस्टेमा आणि निवडीची कसोटी

रशियन युद्धकलेची चौकशी करणाऱ्यास 'सिस्टेमा' हे नावही हमखास भेटते. क्रास्नोदारचे अलेक्सेई कादोच्निकोव्ह (१९३५–२०१९) आणि मॉस्कोचे मिखाईल र्‍याब्को यांच्या शाखा त्यात विशेष प्रसिद्ध आहेत. श्वसन, अंग सैल सोडणे आणि संथ गतीचा सराव ही तिची वैशिष्ट्ये. भयाने आखडलेल्या नवशिक्याला त्यांचा लाभ होऊ शकतो. तथापि तिच्यात साम्बोसारखी स्पर्धा नसते आणि हल्लेखोराने सहकार्य केल्यासारखी दिसणारी प्रात्यक्षिके टीकेचा विषय ठरली आहेत.

म्हणून नावापेक्षा वर्ग पारखून घ्यावा. पडण्याचे शिक्षण पद्धतशीर दिले जाते का? नवशिक्याची जोड अनुभवी, संयमी खेळाडूशी लावली जाते का? आणि मुख्य म्हणजे, जोडीदार खरोखर प्रतिकार करतो का? ओश्चेप्कोव्ह यांनी आग्रह धरलेली ही कसोटी आजही तितकीच खरी आहे. पाठीचे, मानेचे वा गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. नखे कापलेली असावीत आणि अंगावर दागिने नसावेत, हे वेगळे सांगायला नको.

मर्यादांचे भान

गादीवरचा विजय रस्त्यावर जसाच्या तसा उतरत नाही. तिथे जमीन कठीण असते, पंच नसतो आणि हल्लेखोर एकटाच असेल याची शाश्वती नसते. एकाला जमिनीवर दाबून धरले असता दुसरा लाथ घालू शकतो. सुऱ्यासमोर तर कसलेला खेळाडूही जखमी होण्याची शक्यता मोठी असते. पैसे मागणाऱ्याला पैसे देणे, वाट मोकळी असल्यास पळणे आणि मदतीसाठी ओरडणे यांत कमीपणा नाही.

कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. रशियाच्या फौजदारी संहितेचे कलम ३७ 'आवश्यक संरक्षणा'स मान्यता देते. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी संरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. हल्ला थोपवण्यास आवश्यक तेवढेच बळ वापरावे, त्याहून अधिक नव्हे, हे त्यांतील सूत्र आहे. हल्लेखोर पडल्यावर त्याचा हात मोडणे हे संरक्षण ठरेलच असे नाही.

आठवड्यातून दोन-तीन वेळा नेमाने सराव करणाऱ्या नवशिक्याला काही महिन्यांत डाव थोडेच येतील. पण धक्का बसल्यावर न गोठणे, पडल्यावर डोके वाचवणे, धरलेल्या हातातून सुटणे आणि पुन्हा पायांवर उभे राहणे एवढे त्याला जमू लागते. साम्बोच्या नावातील 'स्वसंरक्षण' या शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे, आणि सामान्य माणसाला तो पुरेसा आहे.